एकास दीड

मुंबई, १७ एप्रिल १९५३

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. साष्टांग आणि शिरसाष्टांग पुढच्या पत्रात घालीन. आज मला राग आला आहे, तो आधी लिहून टाकते.

तुमचे जावई महिन्याची रजा काढून काल इंदूरच्या गाडीत बसले. सासूबाईंचा पाय प्लास्टरमध्ये आहे, म्हणून मी मागे राहिले. लग्नानंतरचा पहिला अधिक महिना, आणि धोंड्याच्या जेवणाला लक्ष्मी-नारायणाच्या जोडीतला एकटा नारायण येतो आहे. त्याचं मला काही वाटत नाही. पण गाडी सुटता सुटता नारायण खिडकीतून म्हणाले, "वाण म्हणून बाबांकडे काय मागणार आहे, ओळख बघू." मला वाटलं, घड्याळ असेल. तर म्हणतात, ब्लोअरची लहान पुली! इंजिनाच्या एका फेऱ्याला ब्लोअरचे दीड फेरे. एकास दीड!

मी फलाटावर चालत चालत यांना तेच सांगितलं, जे तुम्ही मला मल्हारगंजच्या वर्कशॉपमध्ये सांगत आलात. ब्लोअर म्हणजे लोहाराचा भाता. इंजिन आपण होऊन जेवढी हवा ओढतं, त्याहून जास्त तो आत ठासतो. पुली लहान केली की भाता जोरात फिरतो आणि ताकद वाढते. इथवर सगळेच शहाणे. पण हवा ठासली की ती तापते. आणि एका हद्दीपुढे भाता हवा ढकलायचं सोडून नुसती घुसळत बसतो, सगळा जोर उष्णतेत जातो. त्यात आपल्याकडचं पेट्रोल हे असलं. मग आतला भडका ठिणगीची वाटसुद्धा बघत नाही. आधी कढईत फुटाणे फुटल्यासारखी खडखड आणि मागोमाग पिस्टनला भोक. हे सगळं ऐकून यांनी हसून हात हलवला. गाडी सुटली.

लग्नाच्या आधीच्या उन्हाळ्यात आपण दोघांनी पुल्या बदलून बदलून पाहिलं होतं. एकास सव्वाच्या पुढे गेल्यावर प्लगचं तोंड उष्णतेनं पांढरं पडायला लागलं, तेव्हा तुम्हीच म्हणालात, "बस बेटा, सव्वाच्या पुढे नाही." ते गणित माझं होतं आणि हात तुमचे. आता त्यात तिसरा कोणी येऊन "मला जरा जास्त वाढा" म्हणतो, हे मला चालणार नाही.

दहा मेला शर्यत आहे. खाली गुजरीपासून वर मानपूरपर्यंत अख्खा घाट. गाडी जयसिंगराव सरदारांची, इंजिन तुम्ही बांधलेलं, आणि चालवणार माझा नवरा. गाडी आणि इंजिन दुसरी मिळतील. यांना नाही म्हणा, बाबा. एवढंच करा.

तुमची कुमुद


इंदूर, २२ एप्रिल १९५३

चिरंजीव कुमुदला आशीर्वाद.

तुझं पत्र धोंड्याच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी पोचलं. म्हणजे जे व्हायचं ते होऊन गेल्यावर. आणि बापाला पत्र लिहायची ही कुठली पद्धत? नमस्कारसुद्धा उधारीवर!

काय झालं ते ऐक, आणि मग मला सांग मी काय करायला हवं होतं. पंगत मोठी होती. ग्वाल्हेरची सरकारी कचेरी उन्हाळ्यासाठी इकडे आली आहे, त्यामुळे बाबूराव हेडक्लार्कही होते. जयसिंगराव आले होते. अच्युतराव पाटावर, पुढे ताट, तुझ्या आईनं स्वतः केलेले तेहतीस अनारसे, वर दिवा. तिनं हात जोडले आणि म्हणाली, "आणखी काय हवं ते मागा, संकोच करू नका." आता हे आपलं म्हणायचं असतं. जावई म्हणतो, सगळं पोचलं. पण यांनी मागितलं! चारचौघांत, अगदी विनयानं मागितलं. "बाबांच्या हातची पुली हवी. एकास दीड."

मी तोंड उघडायच्या आत तुझी आई म्हणाली, "दिली हो, दिली! जावई मागतायत ना, याच्यात सोचायचं काय?" तिला वाटलं, पुली म्हणजे काही खायचा प्रकार असेल. बाबूराव टाळी वाजवून म्हणाले, "वा भिया, क्या मांगा है! ज्वेलर्सकडे नाही गेले, सीधे लेथवर गेले!" जयसिंगरावही हसले. माझ्याच घरात, माझ्याच पंगतीत माझ्या इंजिनाचा वेग ठरला आणि मी वाढप्यासारखा उभा. संताप कोणावर काढायचा?

जेवणानंतर अच्युतरावांनी मला कारण सांगितलं. इंदूर समुद्रापासून अठराशे फूट उंच, इथली हवा विरळ, म्हणून ती जास्त ठासायला हवी. पुस्तकाप्रमाणे खरं आहे. मी एवढंच म्हणालो, "बघू या." जावयाला, अधिक महिन्यात, तोंडावर "तुमचं चुकतंय" असं आपल्या घरात कोणी म्हटलेलं नाही. मी तरी म्हणणार नाही.

पुली लेथवर लावली आहे. काळजी करू नकोस. तुझ्या बापाला अजून पुली कातता येते.

बाबा


मुंबई, २६ एप्रिल १९५३

तीर्थरूप बाबा,

पुली कातता येते म्हणे! ती कातू नका, एवढंच तर मी लिहिलं होतं.

पत्र वाचून मी इतकी चिडले की सासूबाईंनी विचारलं, काय झालं. सांगितलं. त्या प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून म्हणाल्या, "माझ्या मुलाला लहानपणी नाही कोणी म्हटलंच नाही गं. त्याच्या सासऱ्यांनी तरी म्हणायचं." घ्या. म्हणजे नाही म्हणायचं काम सगळ्यांनी एकमेकांवर ढकललेलं आहे आणि ते वाटेत कुठेतरी पडून राहिलं आहे.

आणि त्या उंचीच्या कारणाला तुम्ही "पुस्तकाप्रमाणे खरं" म्हणता? शर्यत काय मल्हारगंजात आहे? ती गुजरीहून सुटते. गुजरी घाटाच्या पायथ्याशी, निमाडात. तिथली हवा इंदूरपेक्षा दाट आणि मे महिन्यात भट्टीसारखी तापलेली. म्हणजे इंदुरात जे इंजिन कसंबसं सोसेल, ते खाली सोसणार नाही. आणि चढ तर सुटल्यापासूनच सुरू होतो. एवढं त्या पुस्तकवाल्याला पाटावरच सांगता आलं असतं. अनारसा हातात देता देता सांगितलं असतं तरी चाललं असतं!

तुमच्या रीतीचा मला राग नाही. तेहतीस अनारसे द्या, चांदीचं ताट द्या, पाय धुवा. पण ब्लोअरचा वेग हा काही मान नाही, की जावयाला थोडा जास्त द्यावा. मी माझ्या नवऱ्याबद्दल बोलते आहे, बाबा. रोज संध्याकाळी ट्राममधून उतरून, तीन मजले चढून वर येणाऱ्या माणसाबद्दल. तो परत आला नाही, तर तुमची आणि आईची रीत मला कुठे पुरणार आहे?

पुली मोडून टाका. लेथ बिघडला म्हणा. काहीही म्हणा.

कुमुद


इंदूर, ३० एप्रिल १९५३

चिरंजीव कुमुद,

बापाची इतकी कमी किंमत करू नये. मागच्या पत्रात लिहिणार नव्हतो, पण तू असंच आकांडतांडव करत राहिलीस तर तुझ्या सासूबाईंचा दुसरा पायही मोडेल. म्हणून सांगतो. हे कागदाबाहेर जाता कामा नये.

मी पुली कातली. अच्युतरावांच्या हातात दिली. दिसायला लहान आहे, काठ बुटका ठेवून मधला पट्ट्याचा घेर मी आपल्या मापाचा ठेवला. ती एकास दीड नाही. ती एकास सव्वा आहे.

झालं? जावयाचा मान राहिला, तुझ्या आईचा शब्द राहिला आणि इंजिनही राहिलं. ते इतक्या आनंदानं पाया पडले, की मलाच कसंतरी झालं. पण मी विचार केला, दीडची ताकद तर त्यांना मिळणार नाही, मग शंका येईल. म्हणून ठिणगी जरा अलीकडे ओढली, लवकर पडेल अशी केली, आणि पेट्रोलची धार किंचित बारीक केली. आता इंजिन एकदम चलाख झालं आहे. परवा बडा गणपतीच्या रस्त्यानं चक्कर मारून आले आणि म्हणाले, "बाबा, बघा, दीडचा फरक!" मी म्हटलं, "आहे खरा."

यानं इंजिन जास्त तापतं, म्हणून ठिणगीचं हे सव्वालाच चालतं. दीडची पुली असती तर मी असं हात लावण्याची हिंमत केली नसती, हे तुला सांगायला नकोच.

त्यांना यातलं अक्षर कळू देऊ नकोस. माझ्या गळ्याची शपथ आहे. धोंड्याच्या वाणात सासऱ्यानं जावयाला फसवलं, असं इंदुरात झालं तर मला रस्त्यानं चालता येणार नाही.

बाबा


मुंबई, ४ मे १९५३

तीर्थरूप बाबा,

पत्र वाचून आधी हुश्श झालं. नंतर चहा उतू गेला तरी मला कळलं नाही, इतका राग आला.

तुम्ही यांना खोटा आकडा दिलात! नाही म्हणाला असतात तर हे दोन दिवस फुगून बसले असते, बस. आता हे सगळ्यांना सांगत सुटतील की दीडला इंजिन मजेत चालतं. पुढल्या वर्षी मुंबईहून खरी दीडची पुली करून आणतील, पावणेदोनची आणतील. शिकवलंत काय तुम्ही यांना? चूक असूनही बरोबर निघतं, हे?

आणि हे कारखान्यात ड्रॉइंग काढतात, बाबा. माप घेणं हा यांचा धंदा आहे. तुम्हाला वाटतं तितके हे भोळे नाहीत.

शपथ घातली आहे म्हणून मी गप्प बसते. पण तुम्ही बोला. शर्यतीच्या आधी यांना समोर बसवा आणि पुलीचं सांगा. रागावतील. रागावू द्या.

कुमुद


इंदूर, ५ मे १९५३

प्रिय कुमुद,

तू स्टेशनवर जे बोललीस त्याचा मला राग नव्हता. पण आता मला खरंच राग आला आहे आणि तो तुझ्याखेरीज कोणाजवळ बोलता येत नाही.

बाबांनी मला खोटी पुली दिली. हातात घेतली तेव्हाच काठ बुटका वाटला होता. परवा ते जेवायला गेले, तेव्हा मी इंजिनाच्या आणि ब्लोअरच्या पुलीवर खडूनं खुणा केल्या आणि इंजिन हातानं एक फेरा फिरवलं. ब्लोअर सव्वा फेऱ्यावर थांबला. पुन्हा केलं. सव्वाच. मी तिथे खडू हातात घेऊन उभा होतो आणि मला शाळेतल्या पोरासारखं वाटलं. मागितलं ते चुकीचं वाटलं, तर तसं म्हणायचं! मी काय रुसून पाटावरून उठलो असतो? मला गोळी म्हणून साखरेचा खडा दिला आणि वर म्हणाले, "आहे खरा फरक"!

पण त्यांना विचारणार कसं? सासऱ्याला तोंडावर "तुम्ही फसवलंत" म्हणू? आईंनी मला रोज ताक घुसळून द्यायचं, आणि मी त्यांच्या नवऱ्याला खोटं ठरवायचं? ते माझ्यानं होणार नाही. म्हणून मी गप्प राहिलो आणि बडा गणपतीजवळच्या तुकोजीकडून दुसरी पुली कातून घेतली. त्यानं दोनदा विचारलं, "भिया, चिंतामणरावांचा लेथ बंद पडला का?" मी म्हटलं, त्यांना त्रास नको. ही खरीखुरी एकास दीड आहे. गुजरीला पोचलो की सुटण्याआधी मीच बसवीन. बाबा तेव्हा वर मानपूरला घड्याळ घेऊन उभे असतील. शर्यत झाली की पुन्हा त्यांची बसवीन. त्यांचा मान राहील, माझी शर्यत होईल.

तू घाबरू नकोस. इंजिन हल्ली फारच चलाख झालं आहे. हात लावला की उसळतं. बाबांच्या हाताला यश आहे, हे मात्र कबूल.

त्यांना यातलं काही लिहू नकोस. तुला माझी शपथ.

तुझा अच्युत


तारा दोन. मुंबई, ८ मे १९५३

चिंतामणराव, मल्हारगंज, इंदूर. अच्युतना पुलीचं विचारा. विचारल्याशिवाय गाडी सोडू नका. कुमुद.

अच्युत, मल्हारगंज, इंदूर. बाबांना ठिणगीचं विचारा. विचारल्याशिवाय गाडीत बसू नका. कुमुद.


महू, १२ मे १९५३

चिरंजीव कुमुद,

परवाच्या तारेत मी "अपघात, जीव सुखरूप" एवढंच लिहिलं. आता सविस्तर लिहितो. आधी पुन्हा तेच, जीव सुखरूप आहे. महूच्या इस्पितळात आहेत. उजवा हात भाजला आहे आणि खांद्याचं हाड सरकलं आहे. डॉक्टर चांगले आहेत. तू धावपळ करून येऊ नकोस, तुझ्या सासूबाईंकडे बघ.

मी वर मानपूरच्या बाजूला उभा होतो. गाडीचा आवाज घाटातून येत होता, असा खणखणीत, की जयसिंगरावांनी माझा दंड धरला. मग खडखड ऐकू आली. मला वाटलं, दगड उडाले असतील. पण ती थांबेना. मग एक धमाका झाला आणि सगळं गप्प झालं. आम्ही खाली धावलो. पिस्टन फुटून गरम तेल बाहेर आलं होतं, ते पेटलं होतं, आणि गाडी दगडी कठड्याला घासत जाऊन थांबली होती. अच्युतराव एका हातानं कमरेला बांधलेला पट्टा सोडवत होते. आम्ही ओढून काढलं. कठड्याच्या पलीकडे काय आहे, ते तुला माहीत आहे.

तेव्हापासून मी वेडा व्हायचा बाकी आहे. सव्वाला पिस्टन फुटतो कसा? तू आणि मी स्वतः पाहिलेलं आहे. पेट्रोलात भेसळ असणार. त्या पेट्रोलवाल्याला मी सोडणार नाही! माणसाच्या जिवाशी खेळतात हे लोक, आणि वर दुकानात देवाचा फोटो लावतात. गाडी अजून मानपूरला ताडपत्रीखाली आहे. मी तिचं तोंड पाहिलेलं नाही.

तुझी तार मिळाली होती. पुलीचं विचारा, म्हणजे काय ते मी समजलो. मी कबुली द्यावी, हाच तुझा तगादा. मी सकाळी गुजरीला त्यांना सोडायला गेलो तेव्हा खरंच सांगणार होतो. त्यांच्याजवळ गेलो. ते म्हणाले, "बाबा, काही सांगायचं होतं का?" मी म्हटलं, "नाही, तुम्हाला काही विचारायचं होतं का?" ते म्हणाले, "नाही, सगळं ठीक आहे." मग मी जीपमध्ये बसून वर आलो. शर्यतीला निघालेल्या माणसाचं मन कशाला मोडायचं?

बाबा


मुंबई, १५ मे १९५३

बाबा,

पेट्रोलवाल्याला सोडा. त्याच्या देवाच्या फोटोलाही सोडा.

मला दोघांनी शपथ घातली होती. तुम्ही तुमच्या गळ्याची आणि यांनी स्वतःची. म्हणून मी तारेत सगळं लिहिलं नाही, फक्त विचारा म्हटलं. मला वाटलं, दोन मोठी माणसं एकमेकांसमोर उभी आहेत, एक प्रश्न विचारायला काय लागतं? आज मला सगळ्यांत जास्त राग माझा येतो आहे. शपथ मोडली असती तर कोणाचा गळा कापला गेला नसता. तारेत पैशाला शब्द मिळतात आणि मी ते तुमच्या अब्रूसाठी वाचवले! गेले चार दिवस मी कुकवाची डबी हातात घेते आणि तशीच बसून राहते. कठडा दगडी होता म्हणून मी आज हे पत्र लिहिते आहे. तुमच्यामुळे नाही, यांच्यामुळे नाही आणि माझ्यामुळे तर नाहीच.

तुम्ही दोघं भली माणसं आहात. कोणी कोणाला दुखवलं नाही. एक म्हणतो, जावयाला नाही कसं म्हणू. दुसरा म्हणतो, सासऱ्याला विचारू कसं. आणि आई बिचारी ताक घुसळते आहे. इतक्या सभ्य माणसांनी मिळून मला जवळजवळ विधवा केलं होतं. दुष्ट असतात तर मी निदान सावध राहिले असते.

आता ऐका. नणंद मंजिरीताई नाशिकहून येऊन सासूबाईंजवळ राहिल्या, की मी त्याच दिवशी निघणार आहे. येऊ नकोस, हे पुन्हा लिहू नका. तोवर एक करायचं. यांचा उजवा हात बांधलेला आहे, यांना लिहिता येत नाही. तर मला जे सांगायचं ते यांनी सांगावं आणि तुम्ही लिहून घ्यावं. दुसऱ्या कोणी नाही. नर्स नको, आई नको, जयसिंगराव नकोत. यांना म्हणावं, कुमुदनं शपथ मोडली आहे आणि तिनं विचारलं आहे, की गाडीवर कोणती पुली होती आणि का. एक शब्द बदलायचा नाही, गाळायचा नाही, गोड करायचा नाही.

कुमुद


महू, १९ मे १९५३

प्रिय कुमुद,

मी सांगतो आहे आणि बाबा लिहीत आहेत. तुझं पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं. "विधवा" या शब्दाशी त्यांना वाचता येईना, म्हणून तो मी डोळ्यांनी वाचला.

गाडीवर होती ती पुली एकास दीड होती. तुकोजीनं कातलेली. ती गुजरीला मी बसवली, कारण बाबांनी दिलेली पुली खोटी होती आणि ते मला शर्यतीच्या आधीच कळलं होतं. (हे वाक्य लिहायला मला वेळ लागला. अच्युतराव म्हणाले, "लिहा बाबा, खोटी." मी लिहिलं. बाबा.)

इथे बाबांनी लेखणी खाली ठेवली आणि मला विचारलं, "दीड होती?" मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "मी ठिणगी ओढून ठेवली होती. पेट्रोल बारीक केलं होतं. सव्वाच्या भरवशावर." मला ते माहीत नव्हतं, कुमुद. तुझ्या तारेचा अर्थ मला त्या वेळी कळला. मी समजत होतो, तू सगळ्यांना जपून राहा म्हणतेस तसलं काही असेल.

मग आम्ही भांडलो. मी लग्न झाल्यापासून बाबांशी आवाज चढवून बोललो नव्हतो. मी म्हटलं, "तुम्ही मला मूर्ख समजलात!" ते म्हणाले, "तुम्ही माझ्या इंजिनाला मागच्या दारानं हात घातलात!" मी म्हटलं, नाही म्हणायला तुमची जीभ का अडते? ते म्हणाले, तुम्ही अठराशे फूट म्हणालात तेव्हा गुजरीचा पायथा तुमच्या डोक्यात का नव्हता? मी म्हटलं, नव्हता, तर सांगायचं! ते म्हणाले, "अरे, सांगणार कोणाला? पाटावर बसलेल्या देवाला?" त्यांनी मला अरे म्हटलं. आवाज व्हरांड्यात गेला. आई दारात येऊन रडायला लागल्या, की जावई आणि सासरा इस्पितळात भांडतायत, आता लोक काय म्हणतील. बाबा त्यांच्यावरही ओरडले. (हे खरं आहे. तिला मी आजवर असं बोललो नव्हतो. पुली म्हणजे काय, हे तिला आता समजावून सांगितलं आहे. बाबा.) शेवटी नर्सनं बाबांना बाहेर काढलं. ते बाहेर बाकावर बसून राहिले. परत आले तेव्हा त्यांनी मला विचारलं नाही, की ठीक आहे ना. म्हणाले, "हात दुखतो का?" मी म्हटलं, "फार दुखतो." आजवर मी नाही म्हणत होतो.

आता एक गोष्ट राहिली आहे. ती तुला लिहू नका, असं मीच बाबांना सांगितलं होतं आणि त्यांनी ऐकलं. तुला वाईट वाटू नये म्हणून. म्हणजे आम्ही पुन्हा तेच केलं. तू काही गाळायचं नाही म्हटलं आहेस, म्हणून सांगतो.

हात नुसता भाजलेला नाही. उजव्या हाताची दोन बोटं डॉक्टरांना काढावी लागली. अंगठ्याजवळची दोन. मला पेन्सिल धरता येणार नाही. कारखान्यात काय सांगायचं, ते मला माहीत नाही.

हे वाक्य आल्यावर बाबा थांबले. मी म्हटलं, बाबा, लिहा. त्यांनी लिहिलं.

तुझा अच्युत